नसेल त्याची निवड

आमच्या मंडळीच्या वार्षिक सभेला दांडी मारली तर काय शिक्षा होते, हे बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटत नाही. दंड नाही, नोटीस नाही, पाळकसाहेबांची घरभेटसुद्धा नाही. पद मिळतं.

यंदाचंच बघा. उपासना संपली, दान मोजून झालं, मागच्या ओसरीत चहाचं पातेलं चढलं आणि चिटणिसांनी वही उघडली. 'तरुण संघाचा सेक्रेटरी?' एवढं विचारायचा अवकाश, सगळ्या माना खाली. प्रार्थनेतही आमचे डोळे इतके घट्ट मिटत नाहीत. मग मागच्या बाकावरून कुणीतरी एक नाव घेतलं. पोरगा सुरतेला, उधन्यात लूमवर. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक रात्रीची. इकडे दोंडाईच्याला, आमच्या गावी, तो नाताळात येतो, आणि आजी गेली तेव्हा आला होता.

'पोरगा गुणाचा आहे,' एक म्हणाले.

'नाही म्हणायचा नाही,' दुसरे म्हणाले.

'आलाय का आज?'

'नाही.'

'मग सर्वानुमते.'

कुळकायद्याने कसेल त्याची जमीन केली. आम्ही नसेल त्याची निवड केली. पोराला ही सुवार्ता व्हॉट्सॲपवर कळली. तरुण संघाची बैठक दर शनिवारी संध्याकाळी ७ वाजता दोंडाईच्यात. त्या वेळी तो उधन्यात कांडी बदलत उभा, आणि मध्ये बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार अशी सगळी ताप्ती लाइन आडवी. त्याने उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. ते हात सुटका मागत होते. सभेने ते आभाराचे धरले.

खजिनदार बँकेतले आहेत. बँकेत आहेत म्हणजे हिशोब येणारच, हा तर्क बिनतोड. फक्त मंडळीचं वर्ष मार्चअखेर संपतं आणि बँकेचंही. त्यामुळे आमचा ताळेबंद पहिला पाऊस पडल्यावर येतो, आणि आम्ही तो विश्वासाने मंजूर करतो. शब्बाथशाळा जिल्हा परिषदेच्या गुरुजींकडे. त्यांचे रविवार निवडणूक खात्याने आधीच नेलेले. बीएलओ म्हणून ते मतदारयादी घेऊन दारोदार. पोरं दावीद आणि गल्याथाच्या गोष्टीत गोफण फिरायला लागेपर्यंत पोचली होती. गेले तीन रविवार ती गोफण हवेतच फिरते आहे.

आणि नाताळ कमिटी दिली मिरचीच्या व्यापाऱ्याला! उदार माणूस, घरची गाडी, आवाज मोठा. पण आमच्याकडे डिसेंबर म्हणजे पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली. बाजारातून जाताना शिंक आली नाही तर त्या माणसाला डॉक्टरकडे न्यावं, असे दिवस. त्या महिन्यात हा माणूस सौदा सोडून गोठा सजवायला येणार कसा? एकदा आला बिचारा, तसाच, हात न धुता. त्याने लावलेलं गवत नीट करायला गेलेल्या मरियेच्या पात्राने डोळे चोळले, आणि त्या वर्षी आमच्या गोठ्यात बाळाआधी आईच रडली.

पात्रता तपासण्यात मात्र आम्ही कडक. पौलाने तीमथ्याला धाडलेल्या पहिल्या पत्रातला तिसरा अध्याय प्रत्येकाच्या जिभेवर. बायको एकच आहे ना, बाटलीचा नाद नाही ना, हात उगारत नाही ना, पैशावर डोळा नाही ना, सगळं पाहिलं जातं. (दोंडाईच्यात हे विचारावं लागत नाही, आधीच ठाऊक असतं.) विचारलं जात नाही ते एवढंच, की भाऊ, तुझी पाळी कोणती? मी एकदा विचारा म्हणालो तर एक वडील उसळले. देवाच्या कामात घड्याळ काय काढता, हृदय पाहिजे! आता हृदय आहे हो. फक्त ते माणसाबरोबरच अमळनेरच्या गाडीत बसलेलं आहे.

वडिलांचा मान राखून सांगतो, घड्याळ देवाच्या घरात आपण नेलेलं नाही. दाविदाच्या काळात याजकांचे २४ वर्ग पाडले होते आणि कोणाची पाळी कधी हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. गायकसुद्धा २८८, त्यांच्याही २४ तुकड्या. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे वडील जखऱ्या हे आठव्या, म्हणजे अबीयाच्या वर्गातले. पाळी आली तेव्हा ते मंदिरात गेले आणि देवदूत तिथे भेटला. आमच्याकडे असते तर बारा महिने तेच धूप जाळत बसले असते, आणि देवदूत आला असता तो विचारायला, की अहो, घरी कधी जाणार? लेव्यांना तर ५० व्या वर्षी सेवानिवृत्ती होती. पुढे भाऊबंदांना हातभार लावावा, मुख्य काम नाही. हा नियम मी सभेत वाचून दाखवला तेव्हा पुढच्या दोन बाकांवर खोकला सुरू झाला.

सभेच्या आदल्या रविवारी पाळकसाहेब दरसाल मोठ्या जेवणावळीचा दाखला घेतात. एकाने शेत घेतलं म्हणून आला नाही, एकाने बैलांच्या पाच जोड्या घेतल्या, एकाचं लग्न झालं. रोख कळतो आणि आम्ही खजील होतो. मला द्राक्षमळ्याचा मालकही आठवतो. तो दिवसातून पाच खेपा चौकात गेला, आणि दिवस कलला तरी रिकामे उभे असलेल्यांना त्याने विचारलं, का बाबांनो? आम्हाला कुणी बोलावलंच नाही, असं ते म्हणाले. मोकळा माणूस शोधायला मजूर अड्ड्यावर स्वतः जाणारा एवढाच एक मालक. आम्ही मात्र चर्चच्या पायरीवर उभं राहून उधन्याकडे बोट दाखवतो.

हे असं का झालं याचा मी विचार केला आहे. मला वाटतं, आमच्या पदांचं माप दुसऱ्या अंगाचं आहे. पश्चिम खानदेशात स्वीडिश अलायन्स मिशनची माणसं आली ती याच कामासाठी. सकाळ-संध्याकाळ त्यांची त्यातच जायची. त्यांच्या हाताखालचे प्रचारक, बायबल शिकवणाऱ्या बाया, शाळामास्तर, सगळ्यांचं पोट मिशनवर. कमिट्या, वह्या, शिक्के त्या दिवसांचे. मग मिशनरी गेले, पगार गेले, आणि कमिट्या जशाच्या तशा आम्हाला मिळाल्या. दिवसभराच्या माणसाचा कोट आम्ही रविवारी सकाळच्या दोन तासांच्या माणसाला घालतो आणि बाही लोंबते म्हणून त्याच्या विश्वासाबद्दल शंका घेतो.

कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा भक्तसंघ काढला. ते सगळं झोकून देणारे गृहस्थ, त्यांना वार-वेळ विचारण्याची सोयच नव्हती. पण घरी कुणाला कधी घेऊन येतील याचा नेम नसे, आणि आणलेल्याच्या ताटाचं कोण बघणार हा प्रश्न त्यांना पडत नसे. तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना पडे. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक मी मंडळीतल्या प्रत्येक नव्या पंचाला भेट द्यावं म्हणतो. बायको हसत हसत वाचेल आणि तो पहिल्या पन्नास पानांतच गप्प होईल.

आता कुणी म्हणेल, मोकळ्या माणसालाच पद द्या, झालं. तोही प्रयोग करून पाहिलाय. आमचे एक निवृत्त सर आहेत. त्यांच्याकडे वेळ इतका, की तो संपला की ते आमचा वापरतात. त्यांच्या अध्यक्षतेखाली दोन सतरंज्या घ्यायच्या की तीन, यावर तीन संध्याकाळी बैठक चालली. आरंभीची प्रार्थनाच अशी, की तीत इतिवृत्त येऊन जायचं.

शेवटी मी एक कागद काढला. पाच रकाने: रविवारी सकाळी, शनिवारी संध्याकाळी, महिन्यातून एकदा, फक्त नाताळात, अजिबात नाही. पाळकसाहेब म्हणाले, करून बघा. चाळीस झेरॉक्स काढल्या, पुढच्या रविवारी पुन्हा सभा भरवून वाटल्या. बहुतेकांनी रकाने सोडून खाली लिहिलं, 'प्रार्थना करून सांगतो.' मंडळीबाहेरच्या वाचकांसाठी खुलासा: याचा अर्थ नाही. एकाने पाचही रकान्यांत बरोबरची खूण केली. त्याला लगेच उपाध्यक्ष करावं अशी सूचना आली.

उधन्याहून त्या पोराचा आवाज आला, फोनवर रेकॉर्ड केलेला. मागे लूमची खटखट, मधूनमधून शब्द. सगळ्यांनी कान लावून तीनदा ऐकला. शनिवारी त्याला जमणारच नव्हतं. पण रात्रपाळी सुटली की सकाळी अर्धा तास तो जागा असतो. वर्गणीचा हिशोब आणि निरोपानिरोपी तेवढ्यात फोनवर करून देईन म्हणाला. हे आधी का नाही सांगितलंस, असं चिटणिसांनी त्याला लिहिलं. त्याने पुन्हा जोडलेले हात पाठवले.

सभा आटोपत आली तेव्हा दारात मावशी येऊन उभी राहिली. चर्च झाडणं, प्रभुभोजनाच्या पेल्या विसळणं, सतरंज्या घालणं आणि आमचा चहा, हे ती मला कळायला लागल्यापासून करते. तिची नेमणूक कुठल्या सभेत झाली हे जुन्या वह्यांतही सापडणार नाही.

'मन्हा कागद कोठे शे, भाऊ?'

कागद संपले होते. महिला मंडळासाठी वेगळे काढावेत हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं, त्या असतातच. झेरॉक्सचं दुकान रविवारी बंद. मी म्हटलं, 'उद्या घरी आणून देतो, मावशी.'

'सकाय मी मोकयी नही शे,' असं म्हणून तिने पदर खोचला, चपला घातल्या आणि निघाली.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ओसरीतून चहा उतू गेल्याचा वास आला, आणि आम्ही सगळे चिटणिसांकडे बघायला लागलो. चिटणीस आज कोण आलेलं नाही ते बघत होते.