मॅग्नेट्रॉन ऐच्छिक : उद्योग-विद्यापीठ ज्ञानविनिमयाची नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

विद्यापीठे आणि उद्योग यांनी हातात हात घालून चालावे, हे आता सर्वमान्य आहे. चालायचे कुठे, हे मात्र कुणी सांगत नाही. त्यातून विषय उच्चशक्ती मायक्रोवेव्हचा असला तर नवखा माणूस गांगरतोच. म्हणून ही मार्गदर्शिका.

आधी विषयाची तोंडओळख. तुमच्या स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये मॅग्नेट्रॉन नावाची एक नळी असते. ती साधारण एक किलोवॅट मायक्रोवेव्ह देते आणि कालची भाजी गरम करते. तिचीच थोरली भावंडे क्षणार्धाच्या स्पंदात लाखो वॅट देतात. त्यांच्यावर रडार चालते आणि कर्करोगाच्या किरणोपचाराचे यंत्रही चालते. अशी नळी बनवायला समीकरणे सोडवणारा माणूस लागतो, तसाच तांब्याचा आणि काचेचा सांधा हवा न शिरेल असा जोडणारा माणूसही लागतो. हे दोघे सहसा एका इमारतीत नसतात. त्यांची भेट घडवण्याच्या कार्यक्रमाला ज्ञानविनिमय म्हणतात.

प्रत्येक पायरीखाली एक इशारा दिला आहे. बहुतेक इशारे १९४० सालच्या बर्मिंगहॅम प्रकरणातून घेतले आहेत, कारण सगळे नियम एका दमात मोडल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळत नाही.

साहित्य

एक विद्यापीठ (नॅकची श्रेणी ताजी असावी). एक कारखाना. सामंजस्य करार, दोन प्रतींत. सुकाणू समिती. फ्लेक्स, समई, शाल, श्रीफळ. काडीपेटी कुणाकडे आहे याची आदल्या दिवशी खात्री करावी. मॅग्नेट्रॉन ऐच्छिक.

पायरी १ : कुणी काय शोधायचे ते आधी ठरवा

आणि त्याबाहेर कुणाला काही सापडू देऊ नका.

इशारा : १९३९ मध्ये ब्रिटिश नौदलाने बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाला एक काम दिले. सुमारे दहा सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरी भरपूर ताकदीने निर्माण करायच्या. लहर एवढी आखूड झाली की रडारची अँटेना विमानात मावते. विभागप्रमुख मार्क ऑलिफंट यांनी मुख्य फौज क्लायस्ट्रॉन या दुसऱ्या नळीवर लावली. जॉन रँडल आणि बावीस वर्षांचा हॅरी बूट यांच्या वाट्याला लहरी टिपणाऱ्या नळ्यांचे किरकोळ काम आले. दोघांनी ते बाजूला सारले आणि तांब्याच्या ठोकळ्याला भोके पाडली. एक मधोमध, सहा भोवती, आणि भोवतालचे प्रत्येक भोक मधल्याला एका फटीने जोडलेले. मध्ये कॅथोड, बाहेर चुंबक. कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन चुंबकामुळे गोल फिरतात, फटींवरून जाताना त्या पोकळ्यांत विद्युत कंपने उठवतात, आणि तरंगलांबी पोकळीच्या आकारावरून ठरते. २१ फेब्रुवारी १९४० रोजी हे यंत्र चालले. ताकद पाहायला लावलेले मोटारीचे दिवे जळून गेले, म्हणून मोठे निऑन दिवे आणावे लागले. अंदाज निघाला ४०० वॅट, लहर ९.८ सेंटिमीटर.

हे फलित मंजूर प्रस्तावात नव्हते. आजच्या प्रगती अहवालात ते कोणत्या रकान्यात भरायचे यावरच एक तिमाही गेली असती.

पायरी २ : माणसे कुंपणाच्या एकाच बाजूची निवडा

प्राध्यापक पदवीपासून निवृत्तीपर्यंत विद्यापीठातच असावा. इंजिनिअरने कारखान्यात चिकटल्यावर वाचनालयाची पायरी चढू नये. म्हणजे दोघांची भाषा वेगळी राहते आणि दुभाष्या म्हणून समन्वयकाचे पद निर्माण करता येते.

इशारा : रँडल १९२६ ते १९३७ अशी अकरा वर्षे इंग्लंडच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या वेम्ब्ली इथल्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. तिथे ते दिव्यांसाठी चमकणाऱ्या पावडरींवर काम करत. कारखान्यात वस्तू कशी बनते हे त्यांना ठाऊक होते. बर्मिंगहॅमचा ठोकळा पुढे याच वेम्ब्लीला गेला, तेव्हा समन्वयकाची गरजच पडली नाही. एक पद हकनाक बुडाले.

पायरी ३ : अर्धवट यंत्र पाहुण्यांना दाखवू नका

पाहुण्यांना पीपीटी दाखवावी. पीपीटीमध्ये हवा गळत नाही.

इशारा : रँडल-बूट यांचे पहिले यंत्र म्हणजे टेबलावरचा पसारा होता. सांधे लाखेने बंद केलेले, निर्वातासाठी पंप अखंड चालू, चुंबक प्रयोगशाळेतले अवजड. हे विमानात बसवतो म्हणणाऱ्याला कुणीही वेड्यात काढले असते. एप्रिल १९४० मध्ये वेम्ब्लीचे एरिक मेगॉ ते पाहायला आले. मॅग्नेट्रॉन हा त्यांचाही जुना विषय. त्यांनी लाखेला नाक मुरडले नाही. परत जाऊन त्यांनी तीच कल्पना कायम सीलबंद, वाऱ्यावर थंड होणाऱ्या, हलक्या चुंबकावर चालणाऱ्या नळीत उतरवली.

यातले किती श्रेय विद्यापीठाचे आणि किती कारखान्याचे, याचे टक्के आजतागायत निघालेले नाहीत. बौद्धिक संपदा कक्षाने या प्रकरणाकडे पाहूही नये, रक्तदाब वाढतो.

पायरी ४ : तिसऱ्याला दारात उभे करू नका

स्पर्धक कंपनीचा माणूस आला तर चहा द्यावा, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात आणि गोपनीयतेच्या करारावर सही घेऊन त्याला काहीही न दाखवता वाटेला लावावे.

इशारा : मे १९४० च्या सुरुवातीला, जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसण्याच्या बेतात असताना, पॅरिसच्या सीएसएफ कंपनीचे मोरीस पोंत आपल्या प्रयोगशाळेतले मॅग्नेट्रॉन घेऊन थेट वेम्ब्लीला पोचले. त्यांच्या नळीत साध्या तारेऐवजी ऑक्साइडचा लेप दिलेला जाड कॅथोड होता. मॅग्नेट्रॉनमध्ये काही इलेक्ट्रॉन उलटे फिरून कॅथोडवरच आदळतात. बारीक तार या माऱ्याने जळून जाते. ऑक्साइडचा कॅथोड मात्र त्या माऱ्यातून आणखी इलेक्ट्रॉन सोडतो आणि त्याच धगीवर तापलेला राहतो. म्हणजे नळी ज्याने मरायची, त्याच्यावरच ती पोसली जाऊ लागली. मेगॉ यांनी हा कॅथोड उचलला, आणि त्याच उन्हाळ्यात नळी स्पंदागणिक सुमारे १० किलोवॅट देऊ लागली.

पोंत यांच्या प्रवास भत्त्याचे बिल कुणी मंजूर केले, याची नोंद वाचनात नाही. नवशिक्यांनी असे धाडस पूर्वपरवानगीशिवाय करू नये.

पायरी ५ : नकाशा आणि वस्तू जुळल्याशिवाय काहीही पाठवू नका

इशारा : १९४० च्या ऑगस्टअखेर हेन्री टिझर्ड यांचे शिष्टमंडळ ब्रिटनची गुपिते घेऊन अमेरिकेला निघाले. त्यात वेम्ब्लीची बाराव्या क्रमांकाची नळी होती. ती सांभाळायची जबाबदारी एडवर्ड बोवेन या तरुण वेल्श शास्त्रज्ञावर. रात्री लंडनच्या हॉटेलात पेटी तिजोरीत मावेना, म्हणून ती पलंगाखाली गेली. सकाळी टॅक्सीवाल्याने ती आत घ्यायला नकार दिला, म्हणून टपावर बांधली. युस्टन स्टेशनवर हमालाने ती खांद्यावर टाकली आणि गर्दीतून असा सुटला की त्याला नजरेआड होऊ न देण्यात बोवेन यांची दमछाक झाली. जावक क्रमांक नाही, पोच नाही.

ऑक्टोबरमध्ये बेल प्रयोगशाळेत नळी चालवून पाहिली, तर ती सांगितली तशी चालली. मग तिचा एक्स-रे काढला आणि गोंधळ उडाला. नकाशात पोकळ्या सहा, नळीत आठ. इंग्लंडला विचारणा झाली. मेगॉ यांनी आठवून सांगितले, की बारा नळ्यांपैकी दहा सहा पोकळ्यांच्या, अकरावी सातची आणि बारावी आठची केली होती. पाठवली गेली ती बारावी आणि नकाशा गेला पहिल्यांचा.

इथे नियमाप्रमाणे माल परत पाठवून फेरनिविदा काढायला हवी होती. बेलच्या लोकांनी आठ पोकळ्यांचीच नक्कल करायला घेतली. कागदापेक्षा वस्तूवर विश्वास ठेवण्याची ही सवय घातक आहे.

पायरी ६ : शैक्षणिक अर्हता तपासा

इशारा : नळी चालली, पण सबंध तांब्याच्या ठोकळ्यातून एकेक मॅग्नेट्रॉन कोरायला कुशल कारागीर आणि ढीगभर वेळ लागे. युद्धाला हजारो हवे होते. रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सर यांनी सुचवले, की ठोकळा कोरूच नका. तांब्याच्या पातळ पत्र्यांतून भोकांसकट चकत्या ठोकून काढा, एकावर एक रचा आणि भट्टीत झाळून एकजीव करा. उत्पादन भराभर वाढले. या स्पेन्सर यांचे प्राथमिक शिक्षणही पुरे झालेले नव्हते. आपल्याकडे त्यांची छाननीतच गच्छंती झाली असती. पुढे मॅग्नेट्रॉनने अन्न शिजते हेही त्यांनीच दाखवले, म्हणजे ओव्हनबद्दलची तक्रारही त्यांच्याकडेच जाते.

पायरी ७ : दोष झाकून ठेवा

कारखान्यातली नळी बिघडली तर ती विद्यापीठाला कळवू नये. दोन्ही बाजूंची प्रतिमा मलिन होते.

इशारा : सुरुवातीच्या मॅग्नेट्रॉनना एक खोड होती. चालता चालता ते मध्येच एका कंपनप्रकारातून दुसऱ्यात उडी मारत, वारंवारता बदले आणि रडार आंधळे होई. १९४१ मध्ये बर्मिंगहॅमच्याच जेम्स सेयर्स यांनी पोकळ्यांमधले एकाआड एक तांब्याचे भाग जाड तारेने जोडून टाकले. उड्या थांबल्या आणि कार्यक्षमताही कितीतरी वाढली. ही तार लगोलग कारखान्यांतल्या नळ्यांत आली. १९४० मध्ये विद्यापीठातून बाहेर पडलेली वस्तू दोष घेऊन माघारी आली आणि बरी होऊन पुन्हा बाहेर गेली. याला ‘प्रकल्प पूर्ण झाला’ असे म्हणता येत नाही, त्यामुळे विनियोग प्रमाणपत्र अडकते.

पायरी ८ : करार जाडजूड करा

इशारा : १९३७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने रसेल आणि सिगर्ड व्हेरियन या भावांना प्रयोगशाळा वापरायची मुभा आणि साहित्यासाठी १०० डॉलर दिले. बदल्यात पेटंटच्या उत्पन्नात निम्मा वाटा. धाकटा सिगर्ड पेशाने वैमानिक. दोघांनी भौतिकशास्त्रज्ञ विल्यम हॅन्सन यांच्या पोकळीच्या कल्पनेवर क्लायस्ट्रॉन उभा केला. १९४८ मध्ये भावांनी कंपनी काढली आणि पुढे विद्यापीठाच्याच जमिनीवरच्या औद्योगिक वसाहतीत ती पहिली भाडेकरू ठरली. शंभर डॉलरच्या व्यवहारातून विद्यापीठाला रॉयल्टी मिळाली आणि भाडेही. मात्र करार इतका लहान होता की त्याचा फ्लेक्स बरा दिसला नसता.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*शोधनिबंध छापला की ज्ञानविनिमय होत नाही का?*
लेनिनग्राडमध्ये अलेक्सेयेव्ह आणि माल्यारोव्ह यांनी १९३६-३७ मध्येच अनेक पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन बनवला होता. नऊ सेंटिमीटरवर ३०० वॅट. निबंध १९४० मध्ये रशियन भाषेत छापून आला, इंग्रजी अनुवाद १९४४ मध्ये. तोवर इतरांची रडारे समुद्रावर गस्त घालत होती. निबंध बिनचूक होता, पण त्याच्यामागून पेटी घेऊन धावणारा कुणी नव्हता.

*मग छापूच नये का?*
छापावे, पण काम झाल्यावर सगळे छापावे. एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत युद्धाच्या अखेरीस सुमारे ४००० माणसे होती. युद्ध संपल्यावर त्यांनी आपले ज्ञान २८ खंडांत छापून विक्रीला ठेवले. त्यातला एक सबंध खंड मॅग्नेट्रॉनचा आहे. ज्यांनी हा खजिना स्वतःकडे ठेवून फी लावली नाही, ते व्यवहारात कच्चे होते असेच म्हणावे लागेल.

*आपल्याकडे असे नियमभंग होतात का?*
दुर्दैवाने होतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मायक्रोवेव्ह विभागातून १९८४ मध्ये ‘समीर’ ही संस्था निघाली आणि तिचे मुंबई केंद्र पवईला आयआयटीच्या आवारातच वसले. तिथल्या मंडळींनी मायक्रोवेव्हवर चालणारा वैद्यकीय इलेक्ट्रॉन त्वरक देशात बनवला आणि तो रुग्णालयापर्यंत नेला. चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयात आणि पुढे सेवाग्रामला रुग्णांवर त्याने उपचार झाले. संशोधन, उत्पादन आणि रुग्ण यांच्यामधली कुंपणे अशी परस्पर ओलांडली गेली, तर समित्यांनी करायचे काय?

*सगळ्या पायऱ्या पाळल्या तर काय मिळते?*
उत्तम छायाचित्र. त्यात करार मधोमध धरावा, दोघांचे चेहरे कॅमेऱ्याकडे असावेत.

*आणि मॅग्नेट्रॉनच हवा असेल तर?*
तर ही मार्गदर्शिका मिटवा. तुमच्या यंत्रातले जे बंद पडते, ते उचला आणि ते कसे बनते हे ज्याला हाताने ठाऊक आहे त्याच्याकडे घेऊन जा. तो विद्यापीठात असेल, कारखान्यात असेल, एखाद्या वर्कशॉपमध्ये ब्रेझिंग करत असेल. त्याला यंत्र उघडून दाखवा आणि त्याची अर्धवट वस्तूही नीट पाहा. करार नंतर करता येतो.