काम चालू आहे

शहाद्याला लागून असलेल्या आमच्या लोणखेड्यात घाईचं काम पेंटरला द्यायचं नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. तरी लोक देतात. मीही दिलं. फाटकावर वडिलांचं नाव आणि खाली 'निवास', एवढंच लिहायचं होतं. मोजून नऊ-दहा अक्षरं. सतरा दिवस लागले.

पेंटर आळशी नाही, हे आधीच सांगून टाकतो. आळशी असता तर चिडता तरी आलं असतं. पहिल्या दिवशी सकाळी साडेसातला तो हजर. ऑइल पेंटचे डबे, रॉकेलची बाटली, चिंध्या, निळीत घोळलेला दोरा, सगळं सोबत. दोऱ्याचं एक टोक त्याने माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः ताणून धरलं आणि मधे चिमटीत उचलून टण्णकन सोडलं. फाटकावर निळी रेघ उमटली. त्या रेघेकडे बघून तो असा हसला, जणू मामाच्या गावचं कुणी भेटलं. मग चहा झाला. मग पहिलं अक्षर काढलं, चार पावलं मागे गेला, मान तिरकी केली, रस्त्यात उकिडवा बसला, मागून आलेल्या ट्रॅक्टरला हातानेच थांबवलं, पुन्हा बघितलं आणि रॉकेलच्या चिंधीने अक्षर पुसून टाकलं.

"भाऊ, 'श'ची मान अवघडलीय."

"मग?"

"मग काय? उद्या येतो. रात्री जरा विचार करतो त्याचा."

त्याला कामात मजा येते, हीच सगळी अडचण. ज्याला काम नकोसं असतं तो ते उरकतो, आणि आपली कामं उरकली जातात ती अशा लोकांच्या जिवावरच. पेंटरला उरकणं जमत नाही. जेवणाऱ्याला शेवटचा घास टाळावासा वाटावा, तसं त्याचं शेवटच्या अक्षराशी होतं.

त्याचं नाव मी सांगत नाही. एकतर असा एक प्रत्येक गावात असतो, आणि दुसरं म्हणजे त्याचं नाव खुद्द गावालाच आठवत नाही. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तो नुसता 'पेंटर' आहे. याचं त्याला भूषण. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींना लोकांनी बाबूराव पेंटर केलं आणि त्यांनी १९२० साली 'सैरंध्री' हा सिनेमा काढला. पंढरपूरला जन्मलेले चित्रकार हुसेन मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. हे दोन दाखले तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो. साधारण ॲडव्हान्स मागायच्या वेळी.

त्याचं खरं सुवर्णयुग मात्र १ जुलै १९९८ला सुरू झालं. त्या दिवशी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. नव्या जिल्ह्याचा फायदा कुणाला कधी झाला यावर आमच्या पारावर अजून वाद होतो. पेंटरला तो दुसऱ्या दिवसापासून झाला. शाळा, सोसायटी, दवाखाना, खताचं दुकान, जिथे जिथे 'जि. धुळे' होतं तिथे तिथे 'जि. नंदुरबार' करायचं होतं. धुळे दोन अक्षरी, नंदुरबार पाच अक्षरी. दर अक्षराला. म्हणजे त्याच शब्दाचे अडीचपट पैसे! दुसरा कुणी पेंटर असता तर त्या सालात त्याने पक्कं घर बांधलं असतं.

आमच्या पेंटरला प्रश्न पडला तो जागेचा. दोन अक्षरांच्या जागेत पाच कोंबायची म्हणजे एसटीच्या सीटवर वऱ्हाड बसवण्यासारखं. ते त्याला बघवेना. मग तो 'शहादा' पुसून थोडा डावीकडे सरकवी. 'शहादा' सरकला की वरची ओळ बोडकी दिसे. मग वरची ओळ. असं करत सगळा बोर्ड नव्याने लिहिला जाई आणि हिशेब मात्र पाच अक्षरांचा होई, कारण गिऱ्हाईक म्हणे, "बाकीचं आम्ही कुठे सांगितलं होतं?" हे गिऱ्हाइकाचं बरोबर होतं, आणि पेंटरनेही ते कधी चूक म्हटलं नाही.

त्यात 'दु' ऱ्हस्व की दीर्घ हा घोळ. लोक दोन्ही लिहितात. पेंटरचा नियम वेगळा होता. ऱ्हस्व उकार डावीकडे वळतो, दीर्घ उजवीकडे. अक्षराखाली ज्या बाजूला जागा ओकीबोकी दिसे तिकडचा उकार तो देई. त्यामुळे एकाच रस्त्यावर तीन नंदुरबार आणि दोन नंदूरबार झाले. मराठीच्या एका मास्तरांनी त्याला अडवलं. तर हा म्हणतो, "सर, तुम्ही ऐकून लिहिता. मी बघून लिहितो." मास्तर निरुत्तर झाले, माझ्या मते त्यांना ते निम्मं पटलंही होतं.

मग फ्लेक्स आला. वाढदिवस, श्रद्धांजली, निवड, फेरनिवड, सगळं तासाभरात छापून मिळू लागलं आणि पेंटर संपला असं आम्ही धरून चाललो. तो रोज फ्लेक्सच्या दुकानात जाऊन बसू लागला. आम्हाला वाटलं, शिकतोय. तो अक्षरं बघायला जात होता. कॉम्प्युटरवरचा 'मंगल' फॉन्ट र. कृ. जोशींसारख्या सुलेखनकाराने घडवला हे त्याला तिथेच कळलं, आणि फॉन्टवरचा त्याचा राग गेला. जागा भरावी म्हणून अक्षर रबरासारखं ताणणाऱ्या त्या दुकानातल्या पोरावरचा राग मात्र गेला नाही. "अरे, त्याला दुखत असेल," असं तो पोराला म्हणाल्याचं मी स्वतः ऐकलंय.

घर चालतं ते पेंटरच्या बायकोच्या फॉल-पिकोवर. वहिनी व्यवहाराच्या पक्क्या. "काम यांना द्या, पैसे माझ्याकडे द्या," असं त्या गिऱ्हाइकाला दारातच सांगतात. नवऱ्याबद्दल तक्रार विचारली तर म्हणतात, "घरी आले की हसतच येतात. लोकांचे नवरे बघा." मशीन पुन्हा सुरू होतं.

हल्ली त्याचा मुक्काम उसाच्या ट्रॉल्यांवर. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यावर ट्रॉल्यांची रांग लागते तेव्हा त्यात त्याचे चार-पाच मोर हटकून उभे असतात. २०१५मध्ये राज्यात व्यापारी गाड्यांवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी झाली, तेव्हा बाकीचे पेंटर हळहळले. हा खूश. सरकारने मोराच्या पिसाऱ्याला जागा करून दिली, असं त्याचं मत पडलं.

मध्यंतरी एका कार्यक्रमात बाहेरगावचे पाहुणे 'आवडीचाच व्यवसाय करा' या विषयावर पोरांशी बोलले. दीड तास. आवड, जिद्द, उत्पन्नाचे मार्ग, सगळं झालं. पेंटर शेवटच्या रांगेत बसून एकटक समोर बघत होता. मला वाटलं, याच्या जन्माची गोष्ट चाललीय, भरून आलं असेल. बाहेर पडताना विचारलं, "कसं वाटलं?"

"मागच्या बॅनरवरचा 'व्यवसाय' बघितला का? त्यातला 'य' पडायला आलाय."

सतराव्या दिवशी माझं फाटक झालं. 'श' म्हणाल तर मान वळवून रस्त्याकडे बघतोय असा. शेजारचे येऊन बघून गेले. वडील घरात असून दोनदा फाटकाबाहेर जाऊन आत आले. मी ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले, नियमाप्रमाणे वहिनींकडे.

अठराव्या दिवशी सकाळी आई सडा टाकायला गेली, तर पेंटर समोर रस्त्यात उकिडवा.

"आते काय ऱ्हायनं भाऊ?" आईने विचारलं.

"काहीच नही माय. देखी ऱ्हायनू फक्त."

मी खिडकीतून बघितलं. हात रिकामे होते. पण सदऱ्याच्या खिशातून चिंधी डोकावत होती आणि रॉकेलचा वास पार ओट्यापर्यंत येत होता.