दोन शिळफाटे आणि एक क्लच प्लेट

वास सगळ्यांत आधी सासूबाईंना आला. "गॅस बंद केला होतास ना गं?" त्यांनी लेकीला विचारलं. लेकीने डोंबिवलीचा ओटा डोळ्यांसमोर आणला आणि तिचाही धीर सुटला. पुढे बसलेल्या मेव्हण्याने हा समोरच्या ट्रकचा वास असल्याचा निर्वाळा दिला. गाडी चालवणाऱ्या गृहस्थांनी काचा वर केल्या. वास वाढला.

सुट्ट्या जोडून आल्या होत्या, पुण्याला साखरपुडा होता आणि खोपोलीहून खंडाळ्याकडे चढणारा जुना बोरघाट गाड्यांनी तुंबला होता. हा रस्ता १८३० साली झाला, तेव्हा त्यावर बैलगाड्या चालत. बैलाला क्लच नसतो. रेल्वेनेही शहाणपणा केला. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात आणि मगच घाट चढतात. तेवढ्यात लोक वडे खाऊन घेतात. गृहस्थांच्या हॅचबॅकला मागून ढकलायला फक्त मेव्हणा होता.

गृहस्थांना आपल्या डाव्या पायाचा अभिमान. चढावर हँडब्रेक ओढायचा तो नवशिक्यांनी. आपण गाडी हाफ क्लचवर तोलून धरतो, असं ते सांगत. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट घट्ट दाबली गेली की तिघं एकत्र फिरतात. हाफ क्लचवर मात्र प्लेट नुसती घासत राहते आणि तापते. गृहस्थांनी हे घासणं दीड तास चालवलं. शेवटी ॲक्सिलरेटर दाबला की काटा चार हजारांवर जायचा आणि गाडी जागच्या जागी.

थोडं खाली शिंग्रोबाचं देऊळ लागलं होतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर; काम झाल्यावर त्यांनीच त्याला मारलं, असं सांगतात. येणारे-जाणारे तिथे नाणं टाकतात. सासूबाईंनी पर्स उघडलीही होती, पण जावयाने गाडी थांबवली नव्हती. आता त्या काही बोलल्या नाहीत. नुसतं जावयाकडे पाहिलं.

क्रेनने गाडी खाली खोपोलीत आली. ठाण्याहून निघालेल्या साडूंना फोन गेला : "आम्ही शिळफाट्याला आहोत." साडू तत्परतेने शिळफाट्याला पोचले, पण डोंबिवलीजवळच्या. खोपोलीतही एक शिळफाटा आहे, हे त्या दिवशी दोन कुटुंबांना कळलं.

"साहेब, प्लेट गेली," मिस्त्री गाडीखालून म्हणाला. "प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळा सेटच टाका. गिअरबॉक्स उतरवायचाच आहे, परत कशाला खोलायचा?"

बोलणं बरोबर होतं, म्हणूनच ते झोंबलं. क्लचचा खर्च माळ्यावरच्या पुरणयंत्रासारखा असतो : वस्तू लहान, पण तिच्यापर्यंत पोचायला अख्खा माळा उतरवावा लागतो. चार तासांनी ती प्लेट बाहेर आली. थालीपीठाएवढी चकती, अस्तर झिजून रिव्हेटांना टेकलेलं, वर काळी चकाकी, आणि प्रेशर प्लेटवर तापल्याचे निळे डाग. "करपली," सासूबाईंनी निदान केलं.

हिशेब वहीच्या पाठकोऱ्या कागदावर आला. सेट ४,२००, मजुरी २,५००, फ्लायव्हील लेथवर फेस करायचे ५००, केबल ३५०, गिअर ऑइल ४५०, क्रेन २,०००. एकूण १०,०००.

"पार्टवरचा जीएसटी अठ्ठावीसचा अठरा झालाय ना?" गृहस्थांनी २२ सप्टेंबर २०२५ चा दाखला दिला.

"पक्कं बिल पाहिजे का?" मिस्त्रीने शांतपणे विचारलं.

गृहस्थ गप्प बसले. मेव्हण्याने चहा सांगितला. साखरपुडा तोवर पुण्यात उरकला होता. व्हॉट्सॲपवर पेढ्यांचे फोटो येत होते.

अंधार पडता पडता गाडी पुन्हा घाटाला लागली. शिंग्रोबापाशी ती न सांगता थांबली, आणि गृहस्थांनी चक्क हँडब्रेक ओढला. सासूबाईंनी दहाचं नाणं टाकलं, मग जावयाकडे पाहून आणखी एक. नवा क्लच वेगळ्याच जागी धरत होता. निघताना गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा ती हलली, तेव्हा चौघांनीही काचा खाली करून हवा हुंगली.

"येतोय का?" गृहस्थांनी विचारलं.

"ट्रकचा आहे," मेव्हणा म्हणाला.