टोस्टभाऊ

धुळ्याला समुद्र नाही. पांझरा आहे, पण तिलाही भरपूर पाणी पाहायचं तर पावसाळ्यातच. तरीही देवपूरच्या कुठल्याशा कॉलनीत एखादा गृहस्थ असा निघतोच, जो पाहुण्याला गरमागरम कोळंबी-टोस्ट खिलवल्याशिवाय ताटावर बसू देत नाही. त्यांना आपण टोस्टभाऊ म्हणू.

टोस्टभाऊ पक्के खानदेशी. कळण्याची भाकरी, भरीत आणि काळ्या मसाल्याचा रस्सा यांवर वाढलेले. मधली काही वर्षं नोकरीपायी ठाणे-वसईकडे गेली. परत येताना त्यांनी एक ओटीजी आणि एक मत आणलं. मत असं, की आपल्याकडे जेवण आहे, पण जेवणाची सुरुवात नाही.

आता धुळ्यात मासा म्हणजे मुख्यतः धरणातला, रोहू नाहीतर कटला. समुद्रातली कोळंबी बर्फातूनच यायची. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन रस्ते धुळ्यात एकमेकांना मिळतात ते व्यापारउदिमासाठी, अशी आपली समजूत. टोस्टभाऊंच्या लेखी ते थर्मोकोलच्या खोक्यासाठी मिळतात. पहाटे ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडून ते खोकं उतरवून घेताना भाऊंचा चेहरा पाहावा. माहेरी आलेल्या लेकीची बॅगसुद्धा ते इतक्या जपून धरत नाहीत.

मग दुपारभर स्वयंपाकघर वहिनींना बंद. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, भाऊ एकेका कोळंबीची पाठ चिरून काळा दोरा ओढून काढतात. लसूण, मिरपूड, लिंबू, मेयोनीज, वर किसलेलं चीज. पाव आधी कोरडा भाजायचा, नाहीतर सारणाला पाणी सुटून त्याचा लगदा होतो. कोळंबी अर्धगोल वळली की आच बंद; पुरतं वेटोळं झालं की ती रबर झाली म्हणून समजा. हे सगळं शंभर टक्के खरं आहे. भाऊंच्या शास्त्रात खोट नाही. खोट पाहुण्यांत आहे.

कारण टोस्ट गरम हवा, आणि पाहुणा धुळ्याचा. ‘निघालोच’ म्हणजे अजून दाढी व्हायचीय.

‘‘आप्पा, कुठं पोचलात?’’

‘‘हे काय, पुलावर!’’

पांझरेचा पूल ओलांडायला पाऊण तास कसा लागतो, हे विचारायचं नसतं. भाऊ ओटीजी लावतात, बंद करतात, पुन्हा लावतात. तेवढ्यात वीज जाते. मे महिना असेल तर टोस्ट नुसता गच्चीवर ठेवूनही चालेल, असं वहिनी म्हणतात. त्या बोलण्याकडे भाऊ लक्ष देत नाहीत.

शेवटी बश्या येतात. माणशी दोन. इथे खरी पंचाईत. खानदेशात पाहुणचार म्हणजे आग्रह; नको नको म्हणताना ताटात पडलंच पाहिजे. आणि इथे ‘घ्या ना अजून’ म्हणावं, तर अजून नसतंच.

आप्पा बोटानं चीज उचलून खाली डोकावतात. ‘‘हाई काय शे, भाऊ?’’

या प्रश्नासाठी तर सगळा खटाटोप. भाऊ खुर्ची पुढे ओढतात. कोळंबी वाटून पावावर थापायची, तीळ लावून तळायची, ही मुळात चीनच्या कँटनकडची रीत. तिथून हाँगकाँग, तिथून जगभर. आपण तळत नाही, भाजतो, कारण... भाऊ हाँगकाँग सोडून निघेपर्यंत टोस्ट गार झालेला असतो.

‘‘म्हंजे झिंगाच शे ना?’’ आप्पा. आठवडी बाजारातले सुके झिंगे बाजरीच्या भाकरीबरोबर त्यांनी जन्मभर खाल्लेत. भाऊंचा कँटन आप्पांनी एका शब्दात बाजारात आणून बसवला. शेजारच्या काकूंचा गुरुवार असतो. त्यांचा मुलगा टोस्टवर शेव भुरभुरतो आणि ‘आता मस्त लागतंय’ म्हणतो. भाऊ खिडकीबाहेर बघतात.

‘‘बरं, आते जेवाले काय शे?’’

वहिनींनी मागच्या शेगडीवर गुपचूप मटणाचा रस्सा उकळत ठेवलेला असतोच. पंगत बसते. भाकरी कुस्करून, त्यावर तर्री ओतून सगळ्यांत आधी भुरका मारतात ते टोस्टभाऊ. दोनदा रस्सा मागून घेतात. घाम पुसत आप्पांना सांगतात, ‘‘पुढच्या वेळी खेकडा. फक्त तुम्ही वेळेवर या.’’

‘‘निघालोच समजा,’’ आप्पा म्हणतात.