बोनेटबहाद्दर

उन्हाळ्यात रात्रीची जेवणं आटोपल्यावर जालना रोडच्या कडेला एखादी गाडी बोनेट उघडं टाकून उभी दिसली, तर मदतीला धावू नका. गाडी बंद पडलेली नाही. मालक तिला गार करतोय. तुम्ही थांबलातच तर तो तुमचा दंड धरून तुम्हाला इंजिनापाशी नेईल आणि म्हणेल, "हात लावून बघा. नाही, लावू नका, भाजेल." मग 'हीट सोक', म्हणजे बोनेटखाली मुरलेली धग, हा शब्द येईल. तो आला की पान खायला निघालेल्या माणसाने पानाची आशा सोडावी.

हाच तो बोनेटबहाद्दर. तो छत्रपती संभाजीनगरात निपजावा यात नवल नाही. वाळूजला 1985 पासून बजाजचा कारखाना, शेंद्र्याला 2001 पासून स्कोडाचा. इथे गल्लीगल्लीत कुणी ना कुणी गाडीचा कुठला तरी नट, होज नाहीतर कंस बनवून पोट भरतो. ऑक्टोबर 2010 मध्ये तर शहराने एका दमात 150 मर्सिडीज उचलल्या, 65 कोटींच्या. बोनेटबहाद्दर तेव्हा कॉलेजात होता आणि घरी वडिलांची स्प्लेंडर होती. पण हा किस्सा तो असा सांगतो की सौद्याच्या टेबलावर चहा यानेच मागवला होता असं वाटावं.

आज त्याच्याकडे शेंद्र्यात जुळलेली जुनी ऑक्टाव्हिया आहे, तिसऱ्या हाताची. "आपल्या मातीतली गाडी आहे," असं म्हणून तो तिच्या टपावर थाप मारतो. नोकरी वाळूजच्या एका शेडमध्ये, क्वालिटीत. ड्रॉइंगपेक्षा केसभर जाड निघालेला जॉब हा दिवसभर निर्दयपणे परत पाठवतो. पोराने "सर, चालतंय की" म्हटलं तर त्याला टॉलरन्सवर व्याख्यान मिळतं. संध्याकाळी घरी आला की हाच माणूस पाना घेऊन स्वतःच्या गाडीतला, कंपनीने मोजूनमापून बसवलेला एअर फिल्टरचा डबा उपटून काढतो.

त्या डब्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण या कथेतला एकमेव निरपराध तोच आहे. काळा, प्लॅस्टिकचा, दिसायला अगदीच बापुडवाणा. पण त्याची एक नळी पुढे जाळीमागे गेलेली असते आणि तिथून तो बाहेरची हवा ओढतो. इंजिनाच्या धगीशी त्याचा शक्यतो संबंध येऊ नये, एवढ्यासाठी कुणीतरी कुठेतरी रात्री जागवलेल्या असतात. बोनेटबहाद्दराच्या मते हा डबा म्हणजे गाडीच्या नाकाला लावलेला चिमटा. त्याच्या जागी तो लाल रंगाचा, शंकूच्या आकाराचा, तेल लावलेला उघडा फिल्टर बसवतो. गाडीला मोकळा श्वास! त्या दिवशी गॅरेजचे उस्ताद तेवढे म्हणाले होते, "सेठ, डब्बा कायकू निकाले? अच्छा खासा था." उस्तादांची हयात गाड्यांखाली गेली आहे, त्यामुळे त्यांचं कुणी ऐकत नाही.

आवाज मात्र येतो, हे कबूल करायला हवं. पाय दाबला की बोनेटखालून 'हुऽऽप' आणि सोडला की 'प्स्स'. क्रांती चौकाच्या सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वळून बघतो. पैशांपैकी निम्मे तिथेच वसूल होतात. उरलेले निम्मे कधीच वसूल होत नाहीत, त्याचं कारण मे महिना.

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो. बाहेर 40 असताना, सिग्नलला थांबत थांबत चाललेल्या गाडीच्या बोनेटखाली 70 व्हायला फार वेळ लागत नाही. हवा तापली की विरळ होते. 40 ऐवजी 70 अंशांची हवा ओढली तर तेवढ्याच घोटात ऑक्सिजन जवळजवळ 9 टक्के कमी. शिवाय पेट्रोल इंजिनाला तापलेल्या हवेने ठोके पडू लागतात. मग कॉम्प्युटर सावध होऊन ठिणगीची वेळ मागे सरकवतो, म्हणजे उरलेली ताकदही आखडून घेतो. मोकळा श्वास मिळाला खरा, पण भट्टीतला.

हे बोनेटबहाद्दराला कळत नाही असं नाही. मेहुण्याकडे गेला तर आधी कूलर बघतो. "अरे, कूलरची पाठ खिडकीबाहेर काढ. खोलीतलीच दमट हवा फिरवून काय गार होणार?" मेहुणा आयटीआय झालेला. तो एकदा शांतपणे म्हणाला, "मग दाजी, तुमच्या फिल्टरची पाठ आत कशी?" दाजी क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "टर्बोचं गणित वेगळं असतं." आता यात तथ्य आहे, नाही असं नाही. टर्बो हवा दाबताना स्वतःच तिला तापवतो आणि पुढचा इंटरकूलर ती निववतो, त्यामुळे नुकसान थोडं झाकलं जातं. समृद्धी महामार्गावर 120 ने गाडी सुटली की बोनेटखाली वाराही खेळतो. पण हा रोज समृद्धीवर नसतो. हा रोज आकाशवाणी चौकात असतो.

मग उपचार सुरू होतात. पहिल्यांदा एक्झॉस्टच्या पाइपाला पट्ट्या गुंडाळल्या जातात. मग बोनेटच्या मागच्या बिजागरांखाली वायसर घालून ते बोटभर उचललं जातं, गरम हवा निघून जावी म्हणून. वेगात काचेपाशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे तिथून हवा बाहेर जाण्याऐवजी आतच शिरते, ही गोष्ट निसर्गाने त्याला कळवलेली नाही. ओव्हरटेक करताना एसी बंद होतो आणि मागे बसलेली आई पदराने वारा घेते. डॅशबोर्डखाली ब्लूटूथचा खुंटा बसतो. आत जाणाऱ्या हवेचं तापमान मोबाइलवर दिसू लागतं आणि ते वाचायचं काम बायकोकडे येतं. जालन्याला लग्नाला जाताना ती वाचते, "अहो, अठ्ठावन्न." पुढच्या फाटकाशी, "अहो, बहात्तर. आता तरी आइसक्रीमला थांबायचं का?"

एकदा त्याने घरात सांगितलं की मॅक्लारेनच्या एफ-1 गाडीत इंजिनाच्या धगीवर उपाय म्हणून चक्क सोन्याचा पत्रा लावला होता, सुमारे 16 ग्रॅम. उष्णता परतवायला सोन्यासारखं दुसरं काही नाही. दीड तोळ्याचा हिशेब बायकोने मनातल्या मनात केला. तेव्हापासून लॉकरची किल्ली तिच्याकडे असते.

या जातीत एक पोटजात आहे. ती नळी लांबवून फिल्टर थेट बंपरमागे, खाली नेऊन ठेवते. तिथे हवा खरोखर गार मिळते. पण एका जोरदार सरीत रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं की इंजिन हवेऐवजी तेच पितं. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्या शहरात नळाला आठवड्या-आठवड्याने पाणी येतं, तिथे गाडी पाणी पिऊन मेली हे शेजाऱ्यांना सांगणं फार अवघड जातं.

पाहुणे आले की बोनेटबहाद्दर त्यांना देवगिरी किल्ल्यावर नेतो. तिथल्या 'अंधारी' नावाच्या काळोख्या बोळात ते चाचपडत असताना तो सांगतो, की वरच्या तोंडाशी आग पेटवून शत्रूला या बोळात धुराने कोंडायची सोय होती. "कोंडलेल्या गरम हवेत माणूस काय लढणार?" पाहुणे माना डोलावतात. खाली पार्किंगमध्ये ऑक्टाव्हिया त्याच अवस्थेत उभी असते.

शेवटी तो कूलर बनवणाऱ्या पत्रेवाल्याकडे जातो. पत्रा वाकवून फिल्टरच्या एका बाजूला आडोसा करतो. धग दुसरीकडून येते, म्हणून दुसरी बाजू. मग तिसरी, चौथी. वरून झाकण. आता आत हवा कुठून येणार, म्हणून पुढच्या जाळीपर्यंत एक नळी. पत्रेवाला काम संपवून विचारतो, "साहेब, असाच डबा कंपनीचा येत नाही का?" येतो. शिवाय तो प्लॅस्टिकचा असल्यामुळे पत्र्याइतका चटकन तापत नाही.

सर्व्हिसिंगच्या आदल्या रात्री हा गुपचूप कंपनीचा डबा परत बसवतो, वॉरंटी कधीच संपली असली तरी. दुसऱ्या दिवशी गाडी छान ओढते. "सर्व्हिसिंग मस्त झाली," असं म्हणून तो संध्याकाळी डबा पुन्हा काढतो.

एवढं असूनही बोनेटबहाद्दराची गाडी विकायला निघाली तर डोळे झाकून बघायला जा. तेल त्याने मुदतीच्या आधी बदललेलं असतं, टायर उत्तम असतात, आणि प्रत्येक पावती फाइलला लावलेली असते. पत्र्याचा डबा तो फुकट देऊ करेल, तो नम्रपणे नाकारा. फक्त पैसे मोजण्याआधी त्याला घरात पाठवून माळ्यावरचा काळा प्लॅस्टिकचा डबा खाली काढायला लावा, आणि तो उस्तादांकडून आपल्यासमोर बसवून घ्या.