साडेतीन इंचांची साधना

मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीन. तेव्हा टाच साडेतीन इंची असावी, हे परंपरेला धरूनच आहे. तीन इंचांत उंची दिसत नाही आणि चार इंचांत आपणच दिसत नाही, कारण तोवर आपण खाली पडलेलो असतो.

प्रस्तुत लेखिकेचा या विषयातला अधिकार असा : उंची चार फूट अकरा इंच, डावा घोटा दोनदा मुरगळलेला, उजवा एकदा. शिवाय भाचीच्या लग्नाआधी महिनाभर केलेला सराव. हे शास्त्र एरवी ज्या शिकवतात त्या साडेपाच फुटी असतात. त्यांनी टाचा घालणं म्हणजे जेवून आलेल्या माणसाने पंगतीला बसणं. त्यांचं ऐकू नये.

आधी थोडा इतिहास, कारण आपली फसगत नेमकी कुठे झाली ते त्यात सापडतं. उंच टाच ही इराणी घोडेस्वारांची. रिकिबीत उभं राहून बाण सोडायचा तर पाय निसटता कामा नये, म्हणून बुटाला टाच. १५९९ साली शाह अब्बासने युरोपातल्या दरबारांकडे वकील धाडले, त्या सुमाराला तिकडे इराणी थाटाचं वेड लागलं आणि तिथल्या सरदारांनी टाच उचलली. घोडा मात्र तबेल्यातच राहिला. पुढे फ्रान्सच्या चौदाव्या लुईने लाल टाचा मिरवल्या. रिगो या चित्रकाराने १७०१ साली काढलेल्या त्याच्या चित्रात साठी उलटलेले महाराज झगा बाजूला सारून पांढऱ्या मोज्यांतले पाय आणि त्या लाल टाचा दाखवत उभे आहेत. उभे आहेत हे लक्षात घ्या. चालत नाहीत.

थोडक्यात, टाच मारायची ती घोड्याला. ती पायदळासाठी कधी नव्हतीच. म्हणून साधिकेने पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न डोक्यात ठेवावा : माझा घोडा कोण? उत्तर पुढे येईल, आधी खरेदी उरकू.

खरेदी संध्याकाळी करावी. दिवसभरात पाय सुजतात. सकाळच्या पायाला बेतून घेतलेली सँडल संध्याकाळी चावते, आणि लग्नाची रिसेप्शनं संध्याकाळीच असतात. दोन पाय सारखे नसतात, मोठ्या पायाचं माप घ्यावं. दुकानदार गालिच्यावर चालून बघायला सांगेल. त्या गालिच्यावर उंटही डौलदार चालेल. आपण चार पावलं पुढे जाऊन फरशीवर यावं. मग सँडल काउंटरवर ठेवून वरून बोटाने हळूच ढकलावी. डुगडुगली तर परत. आपल्या टाचेचं हाड जिथे टेकतं, त्याच्या बरोब्बर खाली सँडलची टाच आली पाहिजे. काही सँडल्सना ती इतकी मागे लावलेली असते की जणू ती कुणा दुसऱ्याची आहे. घोट्याला पट्टा हवाच. आणि पुढे एक इंचाचा प्लॅटफॉर्म असेल तर साडेतीन इंची टाचेत पाय चढतो अडीचच इंच. लोकांना दिसतात मात्र साडेतीन. इतकी निरुपद्रवी लबाडी या जगात दुसरी नाही. “वापरून सैल होईल, मॅडम,” असं दुकानदार म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडावं. वापरून सैल झालेली माझ्या माहितीतली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे मी.

पेन्सिल हिलने सुरुवात करू नये. १९५० च्या दशकात टाचेच्या आत पोलादी कांडी घालायची युक्ती निघाली, तेव्हा कुठे टाच इतकी बारीक करता आली. तिला इटालियन भाषेत स्टिलेटो म्हणजे खंजीर असं नाव पडलं. खंजिरावर चालायचं ते शेवटच्या धड्यात. नवशिकीने जाड ठोकळ्याची टाच घ्यावी. ठोकळा या शब्दावर नाक मुरडू नये.

आता घरचा सराव. रोज अर्धा तास, देवघरापासून गॅसच्या ओट्यापर्यंत आणि परत. पावलं लहान. नेहमी आठ पावलांत पोचत असाल तर बारा घ्यावीत. आधी टाच टेकवावी, लगेच चवडा; दोन्ही एकदम आपटले की घोड्यासारखा आवाज येतो, आणि घोडा आपण नव्हे, हे मघाशी ठरलंच आहे. गुडघे वाकवून चालू नये. तशी चाल मी भर मे महिन्यात तापलेल्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायकांची पाहिली आहे. नजर समोर ठेवावी. पायांकडे बघितलं की पोक येतो, पोक आला की भार चवड्यांवर जातो, आणि मग बोटं पुढच्या टोकात जाऊन सकाळच्या विरार लोकलसारखी उभी राहतात.

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका वर आले. “वहिनी, सुतारकाम अजून किती दिवस आहे?” त्यांना मी लग्नाची तारीख सांगितली.

सराव नुसता करू नये, कामाला जोडावा. मी पोळ्या लाटायला सँडल्स घालून उभी राहिले आणि बारा वर्षांत पहिल्यांदा ओटा माझ्या मापाचा झाला. खांदे वर न उचलता पोळपाटावर जोर लागतो ही भावना काय असते, ते साडेपाच फुटी बायकांना कळायचं नाही. वरच्या फळीलाही हात पोचला. तिथे मागे सरकलेला भाजणीचा डबा सापडला, दोन वर्षांपूर्वीचा. झाकण उघडलं आणि लगेच लावलं. उंचीवरून सगळंच बघू नये.

चावण्याबद्दल. नवी चप्पल चावते, असं आपण किती सहज म्हणतो. कुत्र्याने चावावं तसं. त्यावर पारंपरिक उपाय खोबरेल तेलाचा : आतल्या कडेला बोट फिरवून रात्रभर मुरवावं. शिवाय जाड मोजे घालून घरात तासभर वावरावं. हे दृश्य सासूबाईंच्या दृष्टीस पडणार नाही अशी वेळ निवडावी. जपानीत बुटाला ‘कुत्सु’ म्हणतात आणि वेदनेला ‘कुत्सू’. फरक काय तो ऱ्हस्व-दीर्घाचा. त्याच कोटीवरून २०१९ साली युमी इशिकावा यांनी तिथे ‘कुटू’ ही चळवळ उभी केली, नोकरीत बायकांवर उंच टाचांची सक्ती नको म्हणून. आपल्याकडे लग्नाला टाचांची सक्ती कुणीच करत नाही. नुसतं एवढंच म्हणतात, “अगं, शालू इतका भारी आणि खाली हे?”

सराव संपला की भिंतीला तळहात टेकवून एक पाय मागे, टाच जमिनीला, पोटरी ताणावी. बर्फ झालेली पाण्याची बाटली तळपायाखाली फिरवावी. हा भाग मी विनोदाने लिहीत नाही. वर्षानुवर्षं रोज टाचा घातल्या की पोटरीचे स्नायू आखडतात, आणि मग सपाट चपलेतच दुखायला लागतं. मालमत्तेवर टाच येते म्हणतात, तशी ही पोटरीवर येते.

घरात जमलं म्हणजे रस्त्यावर जमेल, या भ्रमात राहू नये. शाळेत शिकलेलं आठवा : वजन तेच, पण टेकणारी जागा लहान झाली की दाब वाढतो. माझं वजन ५८ किलो, पेन्सिल हिलचं टोक जेमतेम एक चौरस सेंटिमीटर. चार हजार किलोचा हत्ती ताटाएवढ्या चार पावलांवर उभा असतो. म्हणजे हिरवळीवरून हत्ती गेला तर गवत दबेल. मी गेले तर भोकं पडतील. लग्नाची लॉन्स नावाची जी जागा असते, तिथे टाच मातीत जाते आणि पाऊल उचललं की पाय वर येतो, सँडल तिथेच उभी राहते, पेरल्यासारखी. टाचेच्या टोकाला बसवायची प्लास्टिकची गोल टोपणं मिळतात, ती आधीच लावावीत. पेव्हर ब्लॉकवर दोन ठोकळ्यांच्या मधल्या फटीचं भान ठेवावं. गटाराची जाळी दिसली की वळसा घालावा, मग तो थेट समोरच्या फुटपाथपर्यंत गेला तरी बेहत्तर. जिना चढताना नुसता चवडा पायरीवर, टाच अधांतरी. उतरताना किंचित तिरकं होऊन, कठड्याला धरून. कठडा नसेल तर घोडा.

आता घोड्याचं बघू. व्हेनिसच्या श्रीमंत बायका एके काळी शोपीन नावाच्या खडावांवर चालायच्या, त्यातले काही जोड तर अर्धा मीटर उंच होते. त्या पडत नसत, कारण दोन बाजूंना दोन दासी असत. आपल्याकडे दासी नाहीत. नवरा आहे, पण मराठी नवरा रस्त्यावर चार पावलं पुढे चालतो आणि कोपऱ्यावर थांबून घड्याळ बघतो. याला घोडा म्हणता येत नाही. भाचा बारावीत आहे. हात धरला की तो लाजेने लाल होतो. मला अखेर सापडली ती धाकटी जाऊ. तिच्याही पायात टाचा होत्या. पार्किंगपासून दारापर्यंत आम्ही एकमेकींचा दंड घट्ट धरून गेलो. दारात गुलाबपाणी शिंपडणाऱ्या काकू डोळे पुसत म्हणाल्या, “जावाजावांचं केवढं हे गूळपीठ!” आम्ही दोघी हसलो आणि पकड आणखी घट्ट केली. बारा वर्षांत पहिल्यांदाच आमचं एका मुद्द्यावर एकमत झालं होतं.

तरीही पडायचंच असेल तर कसं पडावं, याचा आदर्श नाओमी कॅम्पबेल. १९९३ साली पॅरिसमध्ये विव्हियन वेस्टवुडच्या आठ-नऊ इंची बुटांत ती भर मंचावर बसकण मारून पडली, आणि खळखळून हसली. ते बूट आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ठेवले आहेत. मी पडले तेव्हा मदतीला धावलेल्या आत्याबाईंनी आधी शालू बघितला, मग मला.

शालूवरून आठवलं. हा धडा सगळ्यात महत्त्वाचा आणि मला तो कुणी शिकवला नाही. साडी नेसताना सँडल्स पायात असाव्यात, निऱ्यांची लांबी त्या उंचीला बेतावी, असं सगळ्या सांगतात. मी तसंच नेसले. फॉल जमिनीला अर्धं बोट सोडून, सुरेख. मांडवाच्या तोंडाशी पोचले तर भाचीचे काका हात जोडून उभे : “चपला इथेच काढा हं सगळ्यांनी.” काढल्या. क्षणात मी साडेतीन इंच खाली आले, साडी मात्र होती तिथेच थांबली होती. उरलेल्या निऱ्या माझ्या पायाभोवती दुधावरच्या सायीसारख्या गोळा झाल्या. पावसाळ्यात तुंबलेला रस्ता ओलांडावा तशी दोन्ही हातांनी साडी उचलून मी मंगलाष्टकांना उभी राहिले, त्यामुळे अक्षता टाकायला हात रिकामा नव्हता. जावेने माझ्या वाटणीच्याही टाकल्या. त्यातल्या नेमक्या तिच्या कोणत्या आणि माझ्या कोणत्या, यावर घरी परतताना आमचं पुन्हा बिनसलं, पण ते असो.

मांडवात अनवाणी, पंगतीत अनवाणी, ओटीच्या वेळी अनवाणी. संध्याकाळी चपलांच्या ढिगातून माझ्या सँडल्स शोधून काढल्या आणि पाय घालायला गेले, तर पाय आत जाईना. दिवसभरात पाय सुजतात, हे मी वर लिहिलंच आहे. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत नेला तरी करंगळी बाहेर. फोटोग्राफरने दिवसभर माझे सगळे फोटो कमरेच्या वरचे काढले होते. पायांपासून डोक्यापर्यंत मी एकाच फोटोत आले आहे : गेटपाशी, दोन बोटांत सँडल्स लोंबकळताहेत आणि मी रिक्षाला हात करते आहे.

रिक्षावाल्याने माझ्या पायांकडे बघितलं, मग हाताकडे.

“ताई, चप्पल तुटली काय?”

मी हो म्हटलं.