गोड अक्षरातली तंबी

सोसायटीच्या फलकावर सूचना लिहायचं काम सतरा वर्षं माझ्याकडे होतं. माझं अक्षर चांगलं म्हणून नव्हे; ते वाचताना निरपराध माणूसही ओशाळतो म्हणून. यंदा नवी कमिटी आली आणि ठराव झाला, की सूचना यापुढे संगणकावर. पहिलीच सूचना होती जिन्यात घाण करणाऱ्या कुत्र्यांबद्दल.

मजकूर माझा, मांडणी भाच्याची. ‘‘मामा, हाताने लिहिल्यासारखा फॉन्ट घेऊ. आपुलकी वाटते.’’ तंबीत आपुलकी! आणि तीही सदाशिव पेठेत!

असे फॉन्ट देवनागरीत आता बरेच झालेत. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ तर २०१४ पासून फुकट मिळतो. हलका, मध्यम, ठळक, जसा हवा तसा. मिसळीचं मेनूकार्ड, बालवाडीची जाहिरात, मुंजीची पत्रिका, तिथे ही अक्षरं खरंच शोभतात. ‘आजीच्या हातची’ भाजणी घ्या. आजीचा हात कारखान्यात, आजीचं अक्षर संगणकात. पाकिटावरची किंमत तेवढी खरी.

भाच्याचा कागद मी भिंगाखाली धरला. सगळे ‘क’ एका साच्यातून काढलेल्या मोदकांसारखे. माझ्या हातचा पहिला ‘क’ टेचात असतो, दुसरा घाईत आणि तिसऱ्यापर्यंत माझा राग कागदाच्या मागच्या बाजूला उमटलेला असतो. शिवाय ‘ल’ हिंदी वळणाचा, दंडाला टेकलेला. २००९ च्या शासन निर्णयाने मराठीला पाकळीचा ‘ल’ ठरवून दिलाय, हे मी कमिटीला सांगितलं. कमिटीने चहा मागवला.

गंमत म्हणजे या जातीतला सर्वांत बदनाम फॉन्टही कुत्र्यापायीच जन्माला आला. मायक्रोसॉफ्टच्या एका प्रोग्रॅममधलं कार्टून कुत्रं टाइम्स न्यू रोमनसारख्या सोवळ्या अक्षरांत बोलताना व्हिन्सेंट कॉनरेने पाहिलं. ते त्याला खटकलं आणि १९९४ मध्ये त्याने कॉमिक सान्स काढला. पुढे लोकांनी तो नको तिथे वापरला, त्याला तो तरी काय करणार? कुत्र्याने बोलायचं अक्षर ते. आम्ही तसल्याच अक्षरात कुत्र्यांच्या मालकांना बोलायला निघालो होतो.

सूचना लागली. ‘‘किती गोड!’’ म्हणत दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तिचा फोटो काढून बहिणीला पाठवला. जिना होता तसाच.

आठवडाभर वाट पाहून मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर काळ्या मार्करने लिहिलं: ‘कुत्रे निरक्षर आहेत. सबब ही सुचना आपल्यासाठी आहे.’

दुसऱ्या दिवसापासून जिना स्वच्छ. माझ्या ओळींखाली मात्र कुणीतरी लाल शाईने, सुबक अक्षरात लिहून ठेवलं होतं: ‘सूचना’तला ‘सू’ दीर्घ.